मुलांसाठी सुट्टीतलं काम शोधताना



दहावी-बारावीचे पेपर मार्चच्या मध्यापर्यंत संपतात आणि मग घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. ह्या एवढ्या मोठ्या पोरांनी आता जूनपर्यंत करायचं काय? यंदा दोन-तीन जणींनी मला विचारलं, "तुमचा मुलगा सुट्टीत कामाला जातो म्हणे, कुठे लावलंत? काय देतात? आमच्याला मिळेल का?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. कारण काम मिळणं ही ह्यातली सोपी बाजू आहे. कोणतं काम घ्यायचं आणि कोणत्या अटीवर, हे ठरवताना माझा जास्त वेळ गेला.

आधी आमच्या गावाचं सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना ह्याची कल्पना येणार नाही. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर, अगदी घाटमाथ्यावर. इथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. तालुक्याचं गाव असलं तरी बाजारपेठ लहान. मॉल नाही, मोठी दुकानं नाहीत, घरपोच पार्सल आणणाऱ्या पोरांची फौज नाही. गगनगडाला आणि गगनगिरी महाराजांच्या मठाला येणारे लोक, घाटातून जाणाऱ्या गाड्या, तहसील कार्यालयात कामाला येणारी माणसं, ऊस, भात आणि दूध, एवढ्यावर सगळं चालतं. आणि पाऊस! मृग लागला की इथे जे सुरू होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मुलांच्या कामाचा काळ म्हणजे मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेमतेम अकरा आठवडे. पेपर संपल्यावर शोधायला लागलं तर त्यातले तीन आठवडे चौकशीतच जातात. म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, की फेब्रुवारीतच चार ठिकाणी शब्द टाकून ठेवायचा.

यंदा मी दोन मुलांसाठी काम शोधत होते. एक माझा मुलगा, सोळावं लागलेला, दहावीचे पेपर दिलेला. त्याला मोबाईल हवा होता आणि ह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "घ्यायचा असेल तर कमव." दुसरी आमच्या शेजारची लेक. वय सतरा, बारावी दिलेली, हुशार. तिला कोल्हापूरला कॉलेजला जायचं होतं. होस्टेलची अनामत आणि पहिल्या महिन्याची मेस मिळून सोळा हजार रुपये जूनमध्ये लागणार होते. घरी दोन म्हशी, थोडी शेती आणि पाठची दोन भावंडं. माझ्या मुलाला काम मिळालं नसतं तर मोबाईल लांबला असता. तिला मिळालं नसतं तर वर्ष गेलं असतं, आणि मुलीचं एक वर्ष घरात गेलं की पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. स्थळं यायला लागतात.

पहिल्यांदा सगळे म्हणाले, घरचं दुकान आहे की, मुलाला तिथेच बसवा. आमचं किराणा दुकान आहे आणि तो लहानपणापासून सुट्टीत तिथे बसतोच. पण घरच्या दुकानात पगार नसतो. उशिरा आला तरी चालतं, आणि बाप ओरडला तर पोरगं तोंड फुगवून वर जाऊन झोपतं. परक्या ठिकाणी वेळेवर जायचं, सांगितलेलं काम पुरं करायचं, चुकलं तर ऐकून घ्यायचं आणि महिना भरला की आपले पैसे आपण मागायचे, हे घरच्या गल्ल्यावर शिकता येत नाही. ह्यांनाही ते पटलं.

मग चौकशी सुरू झाली. औषधाच्या एका दुकानात मुलाला घ्यायला तयार होते, पण स्कूटरवरून घरोघरी औषधं पोचवायची होती. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. "खेडेगावात कोण अडवतंय," असं ते म्हणाले. पण घाटरस्त्याच्या गावात पोलिसांनी अडवण्याची भीती ही नंतरची, मला समोरून येणाऱ्या ट्रकची भीती जास्त. नको म्हटलं.

मुलाची स्वतःची एक कल्पना होती. सकाळी रानात जाऊन करवंदं आणायची, पानांच्या द्रोणात भरून घाटात थांबणाऱ्या गाड्यांना विकायची. ऐकायला छान वाटतं. पण करवंदं-जांभळं विकायला धनगरवाड्यावरच्या बायका येतात. पहाटे उठून, काट्यांतून ओरबाडून घेत त्या ती गोळा करतात आणि त्यावर त्यांचा त्या दिवसाचा बाजार होतो. आपल्या पोराने मोबाईलसाठी त्यांच्या शेजारी टोपली मांडायची? मी त्याला एवढंच विचारलं, आणि तो विषय त्यानेच सोडला.

तिसरं काम हॉटेलचं. आता कोल्हापूर जिल्ह्यात हॉटेल म्हटलं की तांबडा-पांढरा आलाच. ह्यांच्या ओळखीच्या एकांनी मुलाला बोलावलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, मी फक्त पाणी देणार आणि ताटं उचलणार. मी कुठे खाणार आहे?" हा प्रश्न तुमच्याही घरी येईल, म्हणून मी काय सांगितलं ते लिहिते. आपल्याकडे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, कृत, कारित आणि अनुमोदना, हे तिन्ही आपल्याच खात्यावर धरतात. ताट उचलणं ह्यातल्या कशात बसतं ह्यावर वाद घालता येईल. पण आठ तास ज्याच्याकडे बघताना मन मागे सरतं ते काम करून मुलगा काय शिकणार? तो एकतर दिवसभर कुढेल, नाहीतर महिन्याभरात त्याला काही वाटेनासं होईल. मला दोन्ही नको होतं. शेजारी-पाजारी खातात, त्यांच्याशी आमचा घरोबा आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. हा आमच्या घरापुरता निर्णय होता. शेजारच्या मुलीला मी हे कारण सांगितलं नाही, कारण ते तिचं कारण नव्हतं.

तिच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. तिलाही रस्त्यावरच्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. गल्ल्यावर बसायचं, हिशेब लिहायचा, गर्दी असेल तेव्हा आत मदत करायची. महिना नऊ हजार. सकाळी दहा ते रात्री दहा. सुट्टी नाही, कारण शनिवार-रविवारीच धंदा. तिचे वडील संध्याकाळी आमच्याकडे आले ते खुशीतच होते.

"वहिनी, नऊ हजार देतोय. दोन महिन्यांत अठरा झाले. पोरीचं काम झालं की."

मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. रोज बारा तास, तीस दिवस, म्हणजे ३६० तास. नऊ हजार भागिले ३६०, तासाला पंचवीस रुपये. ते म्हणाले, "तासावर कोण बघतंय? हातात किती पडतात ते बघायचं." त्यांचंही खोटं नव्हतं. सोळा हजार हवे असताना अठरा दिसले की माणूस तास मोजत नाही. मी म्हटलं, "भावोजी, रात्री दहाला सुटल्यावर ती घरी कशी येणार?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "मी जाईन की आणायला." पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस रोज रात्री दहाला रस्त्यावर जाऊन उभा राहणार होता. लेकीच्या शिक्षणासाठी तेही त्याने केलं असतं, ह्यात मला शंका नाही.

इथे मला कायद्याचा आधार मिळाला. बाल व किशोरवयीन कामगारांचा १९८६ चा कायदा आहे. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. सोप्या शब्दांत सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकींना "बालमजुरी बंद आहे" एवढंच माहीत असतं.

चौदा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केलेली चालते, तीही धोक्याच्या कामात नाही. चौदा पूर्ण ते अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांना किशोरवयीन म्हणतात. त्यांना काम करता येतं, पण खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ, कारखान्यांतल्या घातक प्रक्रिया अशा ठिकाणी नाही. जिथे काम चालतं तिथेही वेळेचं बंधन आहे. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तासाची विश्रांती. विश्रांती आणि ताटकळत बसण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ ह्या वेळात काम नाही. जादा वेळ थांबवून घ्यायचं नाही. एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी.

हे वाचल्यावर मला गंमत वाटली ती संध्याकाळी सातची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साधारण सातच्या सुमारालाच मावळतो. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकणाऱ्या घराला हा नियम जाचक वाटायचं कारणच नाही. मुलगा सहाला घरी, हातपाय धुऊन साडेसहाला पानावर. पण त्याच नियमाने एक सोयीचं वाटणारं कामही गेलं. गावच्या दूध संस्थेत पहाटे दूध मोजायला, फॅट काढायला मदतीला पोरं घेतात. ते सकाळी आठच्या आत संपतं, म्हणून ते बसत नाही.

कायदा सांगून शेजारच्या भावोजींना पटलं असतं असं नाही. "कायदा काय, कोण बघतंय," हे त्यांनीही म्हटलंच असतं. त्यांना मी आमच्या तत्त्वार्थसूत्रातली एक गोष्ट सांगितली. सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, म्हणजे व्रत न मोडताही व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव तोडणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, आणि वेळेवर खायला-प्यायला न देणं. प्रवचनात हे बहुतेक वेळा बैलांच्या आणि गुराढोरांच्या उदाहरणाने सांगतात. गाडीत जास्त ऊस भरू नका, कासरा आवळून बांधू नका, गुरांना तहानलेलं ठेवू नका. शेतकऱ्याला ते लगेच कळतं. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही तुमच्या म्हशीला भर उन्हात पाण्याविना बांधाल का? बैलाच्या गाडीत दुप्पट ऊस भराल का? मग पोरीला बारा तास?"

ते हसले. म्हणाले, "जनावराचं आपल्याला कळतंय वहिनी. पोरांचं आपण झेपतंय म्हणून धरतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बघा दुसरं काही मिळतंय का. आठ दिवस थांबतो."

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी कोणत्याही कामाला हे पाच प्रश्न लावते. धर्माचं पुस्तक बाजूला ठेवलं तरी ते उपयोगी पडतात. मुलाला तिथून वेळेवर निघता येतं का, की गर्दी आहे म्हणून बांधून ठेवतात? हात उचलतात का, घाणेरडं बोलतात का? इजा होईल असं यंत्र, आग, उंची, विजेचं काम आहे का? भार किती, वजनाचा आणि तासांचा? जेवायला आणि पाणी प्यायला वेळ आहे का? मुलींच्या बाबतीत पाण्याच्या प्रश्नाला जोडूनच पुढचा प्रश्न विचारा, तिथे स्वच्छतागृह आहे का? नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हा अन्नपाननिरोध कोणी मुद्दाम करत नाही, पण होतो.

सहावा प्रश्न अचौर्याचा, म्हणजे पैशांचा. आमच्या ओळखीतला एक मुलगा मागच्या वर्षी दोन महिने एका ठिकाणी राबला. फुटलेल्या कपबश्यांचे पैसे कापले, आणि शेवटच्या पंधरा दिवसांचा पगार "दिवाळीत ये, बघू" म्हणून ठेवला तो ठेवलाच. त्या वयाचं पोर भांडत नाही, लाजतं. न दिलेली वस्तू घेणं म्हणजे चोरी, असं आपण पाठशाळेत शिकतो. मुलाचे काढून घेतलेले पंधरा दिवस दुसरं काय आहेत? म्हणून पगार किती, कोणत्या तारखेला, नुकसान झालं तर काय, हे पहिल्या दिवशी विचारायचं आणि साध्या कागदावर लिहून घ्यायचं. कोणी रागावत नाही. रागावला तर तिथे पाठवायचंच नाही.

हे सगळं विचारून काम मिळतं का? मिळालं. आपल्या आदिनाथ भगवंतांनी माणसाला जगण्यासाठी सहा कर्मं शिकवली असं आपण मानतो. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. मसि म्हणजे शाई, लिहिण्याचं काम. शेजारच्या मुलीला मसिकर्म मिळालं. मे-जूनमध्ये उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले काढायला आपले सरकार सेवा केंद्रांत ही रांग लागते. अर्ज भरून द्यायला, कागद स्कॅन करून द्यायला अक्षर चांगलं आणि डोकं शांत असलेलं माणूस त्यांना हवंच असतं. तिथल्या दादांना मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवलं होतं. ते सलग दहा ते दोन म्हणाले. मी म्हटलं, दहा ते एक, मग तासभर जेवण, मग दोन ते तीन. ते म्हणाले, "एवढं कशाला काकी?" मी नियम सांगितला. त्यांचं केंद्र सरकारी दाखल्यांचंच, त्यांनी लगेच मान्य केलं. महिना चार हजार, रविवारी सुट्टी. सव्वीस दिवस, रोज चार तास, १०४ तास. तासाला अडतीस रुपयांच्या वर. तिच्या वडिलांना हा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा बघितला.

माझ्या मुलाला मिळालं ते ऐकून तुम्ही हसाल. बायकांच्या बचत गटात! उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, आणि वर्षाची चटणी. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात तापवून, देठ खुडून कांडपाला जाते. गटाला वजन करून पिशव्या भरायला, चिठ्ठ्या लावायला आणि वहीत लिहायला कोणीतरी हवं होतं. दिवसाला दीडशे रुपये, चार तास, मध्ये जेवणाची सुट्टी. पहिले दोन दिवस तो लाजून मान खाली घालून जायचा. मग गटातल्या मावश्यांनी त्याला "आमचा मॅनेजर" करून टाकलं. आमच्यासारख्या घरांसाठी बिनकांदा-लसणाची चटणी वेगळी करायला लागते, भांडी वेगळी, पाटा वेगळा, हेही त्याने तिथे समजावून सांगितलं, आणि त्याची वेगळी ऑर्डर निघाली.

दुसऱ्या आठवड्यात तो घरी येऊन म्हणाला, "आई, दोनशे ग्रॅमच्या पिशवीत दोनशे ग्रॅम नसतं." म्हणजे? "पिशवीसकट वजन करतात. पिशवी चार ग्रॅमची आहे." मी म्हटलं, मग तू काय केलंस? त्याने मावश्यांना दाखवलं होतं. त्यांनाही ते कधी लक्षात आलं नव्हतं, मुद्दाम कोणी करत नव्हतं. त्या दिवसापासून काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून शून्य करतात, मग भरतात. कमी-जास्त मापाने घेणं-देणं हा अचौर्याच्या अतिचारांतला एक, हे त्याने पाठशाळेत पाठ केलेलं होतं. परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण चार ग्रॅमची पिशवी हातात आल्यावर तो ते पाठ विसरणार नाही.

ह्या सगळ्यात मला वारंवार कर्मवीर भाऊराव पाटील आठवत होते. बाहुबलीच्या डोंगराला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला कुंभोज माहीत आहे. भाऊरावांचा जन्म तिथलाच, २२ सप्टेंबर १८८७ चा. आपल्याच समाजातले, पण काम सगळ्या रयतेचं. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि एकत्र राबायची. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांना जेवायला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' ह्याच तत्त्वावर. गरिबाच्या पोराने फीसाठी हात पसरायचा नाही, काम करायचं आणि शिकायचं.

आज कोणी म्हणेल, तेव्हा मुलं खडी फोडायची, जमीन खणायची, मग आता एवढे नियम कशाला? मला वाटतं फरक इथे आहे. भाऊरावांच्या मुलांचं काम त्यांच्या शिक्षणासाठी होतं. त्यांना राबवून कोणाचा धंदा वाढत नव्हता. काम सांगणारा माणूस त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाचीही जबाबदारी घेत होता. मुलगा दमला, आजारी पडला, तर ते बघणारं घरच्यासारखं कोणी तिथे होतं. हॉटेलात बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराचं तसं कोणी नसतं. म्हणून तिथे आपण पालकांनी उभं राहायचं, नियम घेऊन.

आता पैशांचं. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढून ते स्वतः चालवता येतं. दोघांचीही खाती काढली. पगार खात्यात जमा झाला की मुलांना तो आपला वाटतो, आणि किती दिले ह्याची नोंदही राहते. माझ्या मुलाने मोबाईलची किंमत बघितली, बारा हजार. मग आकडेमोड करून म्हणाला, "म्हणजे ३२० तास." तो अजून घ्यायचा आहे. सध्या तो कोणतीही वस्तू बघितली की तास मोजतो, बुटांचेसुद्धा. आम्हाला वैताग येतो, पण चालू दे.

शेजारच्या मुलीचे अडीच महिन्यांत दहा हजार झाले. सोळा लागत होते. सहा कमी पडले, आणि हे मी लपवत नाही, कारण हॉटेलात गेली असती तर कमी पडले नसते. ते सहा हजार तिच्या वडिलांनी दुधाच्या बिलातून उचल घेऊन घातले. दर दहा दिवसांच्या बिलातून थोडे थोडे कापले जात आहेत. पण एक दुसरी वाट तिला त्या केंद्रातच सापडली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरता भरता तिने कोल्हापूरच्या कॉलेजांतल्या 'कमवा आणि शिका' योजनेची माहिती काढली. रयतच्या कॉलेजांत ती आहे, शिवाजी विद्यापीठातही पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार ह्यांच्या काळापासून आहे, इतरही काही कॉलेजांत आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात ठरावीक तास काम, त्याचे पैसे. तिच्या कॉलेजात तिने प्रवेशाच्या दिवशीच अर्ज दिला. आता रोज दोन तास ग्रंथालयात बसते आणि मेसचा बराचसा खर्च त्यातून निघतो. रविवारी घरी आली तेव्हा म्हणाली, "काकी, पुस्तकं लावायचं काम आहे. दुपारी कोणी नसतं, मग वाचत बसते." तिचे वडील बाजूला बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा मागितला.

ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी दहावी-बारावी आहे त्यांनी फेब्रुवारीत चौकशी सुरू करा. आधी बचत गट, वाचनालय, सेवा केंद्र, वह्या-पुस्तकांचं दुकान, शाळेतले सर आणि मॅडम ह्यांना विचारा. पहिल्या दिवशी मुलाबरोबर स्वतः जा, जागा बघा, मालकाशी बोला, परत येण्याची गाडी कोणती ते बघा. कागद लिहून घ्या. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून ठेवायला सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या दुकानात, शेतात, घरी कोणाचं पोर कामाला येत असेल, तर हेच पाच प्रश्न स्वतःलाही विचारा. आम्ही विचारले. दिवाळीत आमच्या दुकानात मदतीला येणाऱ्या मुलाला संध्याकाळी साडेसहाला घरी पाठवायचं असं आता ठरलं आहे, मग दुकानात कितीही गर्दी असो.

पाऊस सुरू झाला आहे. गेले चार दिवस समोरचा डोंगर दिसलेला नाही. वाळवणाचे डबे भरून ठेवले आहेत, बिनकांद्याच्या चटणीचे दोन पुडे शिल्लक आहेत. कोणाला हवे असतील तर कळवा. वजन बरोबर दोनशे ग्रॅम, पिशवी सोडून!

जय जिनेंद्र.